वरचा आकडा

३ मार्च, सोमवार

१५२/९४. रक्तदाब, सकाळी सातला. सात वाजून पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं — १५८/९६!

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दिवसातून दोनदाच घ्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पंधरा दिवसांनी कागद घेऊन या, मग गोळीचं बघू." मी दुकानात जायच्या आधीच चार वेळा घेतलं. आकडा काही केल्या खाली उतरेना. मी टक लावून बघितलं की हटकून चढतो.

आकड्यांचा कागद त्यांच्यासाठी. ही वही माझ्यासाठी. त्या कागदावर "भीती वाटते" लिहायला रकाना नाही.

५ मार्च, बुधवार

यंत्राचा पट्टा सून दंडाला बांधून देते. मी एका हातानं बांधला तर तिरकाच बसतो. आठवा महिना लागलाय तिला, पण न कंटाळता समोर स्टूल ओढून बसते. "पाय जमिनीवर टेकवा, आई. पाठ टेकून बसा. आता बोलायचं नाही." आणि मी नेमकी बोलते!

१५०/९२.

शहाणी मुलगी आहे. घरांचे नकाशे काढते, खिडकीपाशी संगणक मांडून. दोन वर्षं झाली लग्नाला. आमचं कधी भांडण झालं नाही, आणि खरं सांगायचं तर मनमोकळ्या गप्पाही झाल्या नाहीत. लेक लांब पुलाच्या कामावर, दीड महिन्यातून एकदा येणार. घरात आम्ही दोघीच. मी दहाला चष्म्याच्या दुकानात जाते, साडेसहाला परत. ती दिवसभर एकटी. या यंत्राच्या निमित्तानं रोज दोनदा समोरासमोर बसणं होतं. हेही नसे थोडके.

६ मार्च, गुरुवार

मालकांनी आज टोमणा मारलाच. मी काच घासता घासता थांबून मनगटावर नाडी मोजत होते. म्हणाले, "ताई, एकवीस वर्षं लोकांचे नंबर बघताय. स्वतःचा नंबर बघायची वेळ आली तर जिवाचं एवढं पाणी पाणी?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले. पण डोळ्यांचा नंबर वाढला तर काच बदलता येते. याला काय बदलायचं?

८ मार्च, शनिवार

यांची आठवण आली. आज सहा वर्षं आठ महिने. बूट घालायला खाली वाकले ते उठलेच नाहीत. चौपन्नावं चालू होतं. नंतर कपाट आवरताना रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं सापडली — एक गोळी फोडलेली, बाकी जशीच्या तशी. मला कधी बोलले नाहीत. कशाला बायकोला घोर लावायचा, असंच वाटलं असणार. फार राग आला होता तेव्हा. अजून येतो.

म्हणून मी मोजते. हसू देत कुणी हसायचं तर.

संध्याकाळी १५४/९४.

१० मार्च, सोमवार

लेकाचा फोन होता. आधी माझ्याशी बोलला, मग तिच्याशी. ती स्वयंपाकघरात गेली, पण आमच्या घराच्या भिंती म्हणजे नुसता कागद. त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला — "आईला कसलंही टेन्शन देऊ नकोस हं. तिचं लगेच वर जातं." ती म्हणाली, "नाही हो, मी काही बोलत नाही."

बरं वाटलं ऐकून. एवढी काळजी करतात माझी! हल्ली दार आपटत नाही, भांडं वाजत नाही. नळ बिघडला तर मला न सांगता तिनं माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला. जाऊबाईंच्या घरी सुना उलट उत्तरं देतात. मी नशीबवान.

११ मार्च, मंगळवार

१४६/९०!! दीडशेच्या खाली! दोघींनी चहा घेतला, माझा बिनसाखरेचा. साखरेचा याच्याशी संबंध नाही म्हणे, पण मी कुठलीच कसर ठेवणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

सून सकाळी म्हणाली, "आई, डोळ्यांसमोर मधेच चमचम होतं. वीज चमकल्यासारखं."

माझ्या तर धंद्यातलाच प्रश्न. म्हटलं, "नंबर बदलला असेल. आठ-आठ तास त्या पडद्याकडे बघतेस. दुकानात ये, मालक तपासून देतील." ती म्हणाली, "हो, येईन." आणखी काहीतरी बोलणार होती असं वाटलं. मग माझा पट्टा बांधायला लागली.

१४८/९२.

१५ मार्च, शनिवार

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी सात. ती स्टूलावर येऊन बसली तर चेहरा सुजलेला. पापण्या जड. अंगठी बोटात रुतलेली. "डोकं ठणकतंय," म्हणाली. "झोप नीट नाही झाली."

का कोण जाणे, मी पट्टा माझ्या दंडावरून काढला. "आण तुझा हात."

"मला कशाला, आई? तुमचं घ्या."

"आण म्हणते ना."

"नको हो. सोमवारी माझी तपासणी आहेच."

मी ऐकलं नाही. हात ओढूनच घेतला. पट्टा फुगला, कुरकुरला, सुटला.

१६८/११०.

पुन्हा घेतलं. १७०/११०. बारा दिवस मी ज्या आकड्यांना भिऊन मरत होते ते यापुढे काहीच नव्हते. आणि नवल म्हणजे, माझे हातपाय गळाले नाहीत. मालकांना फोन लावला. अर्धवट दाढीचा साबण तोंडाला तसाच, गाडी घेऊन दारात! वाटेत सून फक्त एवढंच म्हणाली, "आई, बाळ हलतंय. हलतंय अजून." मी तिचा हात धरून बसले. आम्ही दोघींनी याआधी एकमेकींचा हात कधी धरला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "डोळ्यांसमोर चमकतं का?" ती माझ्याकडे बघायला लागली. मीच सांगितलं — "हो. परवापासून. मी म्हटलं चष्म्याचा नंबर असेल."

त्या तिला लगेच आत घेऊन गेल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लघवीतून प्रथिनं जातायत. गरोदरपणात रक्तदाब असा भडकला की आईला झटके येऊ शकतात, बाळाचंही काही खरं नसतं. इंजेक्शनं चालू आहेत. काही आईसाठी, काही बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून. शक्य झालं तर दोन दिवस थांबतील, नाहीतर लगेच. लेक निघालाय.

डॉक्टरीणबाई जाता जाता थांबल्या. "काकू, घरी मोजायचं कुणाला सुचलं?"

"मला. म्हणजे, यंत्र माझ्यासाठी होतं."

"सोमवारच्या तपासणीपर्यंत थांबला असतात तर उशीर झाला असता."

बाकावर बसून रडले. झाडणाऱ्या बाईनं पाणी आणून दिलं. अशी माणसं असतात.

१६ मार्च, रविवार

लेक पोचला. कपड्यांना सिमेंट तसंच. मला मिठी मारली त्यानं. दहावीनंतर पहिल्यांदाच!

१७ मार्च, सोमवार

मुलगी झाली. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. एक किलो आठशे पन्नास ग्रॅम. रडली! दाराबाहेर ऐकू आलं — मांजरीच्या पिलासारखं, पण रडली.

सून ठीक आहे. आकडा अजून वरच आहे, पण आता उतरेल म्हणतात.

माझा? घेतलाच नाही. यंत्र घरी आहे. आहे म्हणजे असेल.

२१ मार्च, शुक्रवार

काचेच्या पेटीत नात झोपलेली असते. डोक्यावर टोपी, ती माझ्या मुठीत मावेल एवढी. नाकात नळी. मांडीवर घेता येत नाही, पेटीच्या भोकातून हात घालून बोट पुढे करायचं. धरते! काय पकड आहे!

परिचारिका म्हणाली, "आजी, ही खमकी निघणार." मी म्हटलं, "निघू दे. घरात एक तरी हवी."

मालकांनी पगारी रजा दिली. वर म्हणाले, "काचा पळून जात नाहीत, ताई." मी मालक असते तर असा घाबरट कारागीर माझ्याकडून नसता सांभाळला गेला.

२५ मार्च, मंगळवार

सून घरी आली. १३८/८६, गोळी चालू. नात अजून पेटीत. दर तीन तासांनी ती दूध काढते, लेक नेऊन देतो.

दुपारी तिचे केस विंचरून दिले. पोटावरच्या टाक्यांमुळे हात वर ताणवत नाहीत. विंचरता विंचरता म्हटलं, "माझं चुकलं गं. तू डोळ्यांचं सांगितलंस आणि मी चष्म्याचा नंबर काढून बसले." ती म्हणाली, "असं नका बोलू, आई. तुम्ही हात ओढला नसता तर आम्ही दोघी नसतो."

मी फणी खाली ठेवली. पुढचं काही दिसेना.

२ एप्रिल, बुधवार

आज सकाळी माझं घेतलं, लेकानं पट्टा बांधला. १३६/८४. एवढ्या धावपळीत उतरलं! डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं तर हसल्या. "बघत नव्हतात ना त्याच्याकडे. तरी सोमवारी या."

४ एप्रिल, शुक्रवार

नात घरी! दोन किलो दोनशे. जीव भांड्यात पडला. दारात लेकानं तिला आधी माझ्या हातात दिलं. सूनच म्हणाली द्यायला. उंबऱ्यातच उभी राहिले. यांना सांगावंसं वाटलं — बघा, मोजलं म्हणून ही आहे.

कुणाकुणाचे आभार मानू? मालकांचे, त्या झाडणाऱ्या बाईचे, यंत्र बनवणाऱ्या कुठल्या अनोळखी माणसाचे. आणि थोडेसे — माझ्या भित्र्या स्वभावाचेही.

६ एप्रिल, रविवार

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. आकड्यांचा कागद धावपळीत कुठे गहाळ झाला, म्हणून लेकाला विचारून यंत्राच्या पोटातले जुने आकडे काढत बसले. तारीख, वेळ, सगळं दाखवतं.

११ मार्च, दुपारी सव्वाचार — १४८/९४. १२ मार्च, सव्वाचार — १५२/९८. १३ मार्च — १५८/१०२. १४ मार्च — १६२/१०४.

दुपारी सव्वाचारला मी दुकानात असते.

ती बाळाला पाजत होती. यंत्र तिच्यासमोर धरलं. तिनं बघितलं आणि मान खाली घातली.

"सोमवारी तपासणीला गेल्यावर सांगणार होते," म्हणाली. मग, अगदी हळू —

"तुमचं वाढलं असतं, आई."