सोमवारची सुई

माय, मानवतच्या आपल्या मेडिकलमधल्या फ्रिजात तुझं इन्सुलिन असायचं, तिथं आता एक नवी सुई असते. आठवड्यातून एकदा टोचायची. पोट भरल्याचा निरोप आतडं मेंदूला पाठवतं, त्या निरोपाची ही नक्कल, पेप्टाइड म्हणतात. शुगर उतरते, भूक मरते, वजन घटतं. शुगरवाल्यांसाठी औषध चांगलंच आहे, पण नेणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. कापसाच्या एका अडत्याला शुगरबिगर काही नाही, लेकीच्या लग्नात शेरवानीची बटणं लागावीत म्हणून हवीय. चिठ्ठी आणा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या नावाची घेऊन आला. एक शिक्षिकाबाई दुकान रिकामं होईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या वाचत उभ्या राहतात, मग हळूच मागतात. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मंडळी सगळी. जन्मभर ताटावरून उठायला शिकले नाहीत, आणि आता म्हणे दोष भुकेचा.

तुझं उलटंच होतं. घरी फ्रिज नव्हता, म्हणून रोज सकाळी दुकानात येऊन टोचून घ्यायचीस. सोमवारी मात्र यायचीच नाहीस. एका सोमवारी मी तुला बोलावून आणलं. तू हळू आवाजात म्हणालीस, "सुई घेतली की उपास मोडतोय, लेकरा. महादेवाला काय सांगू?" आणि मी, नवा नवा डिप्लोमा झालेला शहाणा, भरल्या दुकानात बोललो, "उपासानं शुगर जात नसती, माय. अडाण्यावानी करू नको." गिऱ्हाइकं हसली. तू पदर सारखा केलास आणि दंड पुढं केलास. त्यानंतर दुकानाची पायरी चढली नाहीस. बाटली घरीच मागवून घ्यायचीस, माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचीस. त्यातलं किती टोचून घेतलंस, मी कधी विचारलं नाही. पायाची जखम चिघळली तेव्हा उशीर झाला होता.

परवा सोमवारी मी साबुदाण्याची खिचडी दोन घास खाऊन बाजूला सारली, तर तुझी सून शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "आत्याबाईचा सोमवार चालवायलेत. लय कडक."

मलाही शुगर निघालीय, माय. डॉक्टरांनी हीच सुई लिहून दिली, पण लोकांना एवढी नावं ठेवल्यावर सांगायला तोंड राहिलं नाही. दुकान उघडण्याआधी, शटर अर्धं खाली ठेवून टोचून घेतो, दर सोमवारी. उपास कसला, मला भूकच लागत नाही. हे पत्र सुईच्या रिकाम्या खोक्यात ठेवतोय. महादेवाला काय सांगायचं, ते तूच सांग.