अंबूचे चाळीस किलो

५ ऑक्टोबर १९९५
आयुधपूजा पार पडली. व्यायामशाळेतलं सगळं लोखंड घासून काळ्या एनॅमलचे दोन हात दिले, वर चंदन, कुंकू, झेंडूची माळ. हौस माझीच. राखणदार मारिमुत्तु म्हणाला, "सार, आकडेसुद्धा दिसेनात!" म्हटलं, दिसायला काय झालं, चकत्या का आज ओळखतोय? डाव्या खुंटीवर डाव्या, उजव्या खुंटीवर उजव्या, नीट टांगल्या. झकास दिसतंय.

माझ्या लेकीनं, अंबूनं, वजन उचलायला सुरुवात करून पाच महिने झाले. वय पंधरा, वजन शेचाळीस. दोन महिने नुसती काठी, मग रिकामा दांडा, वीस किलो. पाचच्या पाच वेळा स्वच्छ गेलं तरच पुढं अडीच वाढवायचं, हा माझा नियम. आज म्हणते, "अप्पा, तुम्ही कालव्याला पाणी सोडता तसं मला वजन सोडता. इंच इंच." बापाच्या नोकरीवर घसरली कार्टी.

१४ ऑक्टोबर
३५. पाच वेळा, तीन खेपा. स्वच्छ.

शेजारचे मामा फाटकात अडवून म्हणाले, मुलीची उंची खुंटेल. आणि त्यांचाच मुलगा नव्या बसस्टँडजवळच्या आरसेवाल्या फिटनेस सेंटरात महिन्याभरात ऐंशी उचलतो म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणी सांगितलंय महिन्यात ऐंशी?

मला कोणी सांगणारा नव्हता. सोळाव्या वर्षी, पोंगलला, ओरत्तनाडुकडं आजोळी. देवळासमोरचा गोल दगड पोरं खांद्यावर घेत होती. मीही घेतला. टाळ्या पडल्या. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. त्या वर्षीची राज्य स्पर्धा गेली, पुढची गेली, मग कालव्याच्या खात्यात चिकटलो, पाण्याची उंची लिहायला.

त्या स्पर्धेचं लाकडी व्यासपीठ मी कधी पाहिलंच नाही. तरी ते मला हवं आहे. अजून. अंबूच्या पायांनी का होईना. लिहिताना लाज वाटते. बायकोला, सरोजाला, देवनागरी वाचता येत नाही, अंबूला जेमतेम अक्षरं लागतात, म्हणून इथं लिहितोय.

२ नोव्हेंबर
३७.५ झालं. सरळ, अगदी ओळंब्यात.

कार्ड आलं. मद्रासच्या क्रीडा होस्टेलची निवड, २७ डिसेंबर, त्रिची. ऐकीव असं की पन्नास डोक्यावर गेलं तर नाव घेतात. अंबूनं कार्ड चार वेळा वाचलं, मग इंग्रजीच्या पुस्तकात ठेवलं. तिला जायचंय. इतकं जायचंय की बोलवत नाही.

९ नोव्हेंबर
४०. आता लहान चकत्यांचा पसारा नको, दोन्हीकडं एकेक दहाची. दोनदा गेलं, तिसऱ्यांदा दांडा डावीकडं कलला. पुन्हा तेच. ३७.५ला सरळ असलेली मुलगी ४०ला वाकडी कशी?

१६ नोव्हेंबर
४०. कललं. डावा हात आळशी. तसं तिला म्हणालो पण. तोंड एवढंसं झालं.

२० नोव्हेंबर
उपाय काढला: रोज सगळं संपल्यावर नुसत्या डाव्या हाताच्या तीन खेपा जादा. विश्रांतीच्या दिवशीसुद्धा.

विश्रांतीचा दिवस मोडायचा नाही हा नियमही माझाच होता. पण पाच आठवडे राहिलेत. सरोजा रात्री ताट वाढता वाढता म्हणाली, "पोदुम हो. पुरे म्हणते मी. पोर तांब्या उचलतानासुद्धा डावा हात जपते." मी म्हटलं, दमलीय.

२९ नोव्हेंबर
४०. कललंच. आज मी आवाज चढवला. मारिमुत्तु खुंटीकडं तोंड करून उभा राहिला. अंबूनं दांडा ठेवला, हाताला लावलेली खडूची पूड फ्रॉकला पुसली (एरवी पुसत नाही) आणि बाहेर जाऊन सायकलीपाशी उभी राहिली.

एरवी दहा शब्द ऐकवणारी मुलगी.

२ डिसेंबर
लिहायला हात धजत नाही.

आज अंबू दांड्यापाशी गेली आणि पलीकडून उभी राहिली, भिंतीकडं तोंड करून. म्हटलं हे काय? "बघा तर." उचललं. दांडा उजवीकडं कलला. तिनं खाली ठेवला, माझ्याकडं वळली, "अप्पा, माझा आळस या हातातनं त्या हातात गेला का हो?"

मारिमुत्तु आणि मी दोन्ही चकत्या सायकलवर घालून तांदळाच्या मंडीत गेलो, काट्यावर ठेवल्या. उजव्या खुंटीची दहा किलो. डाव्या खुंटीची अकरा किलो तीनशे चाळीस. पंचवीस पौंडाची जुनी चकती! इंग्रज काळातल्या दोन-चार आहेत, मागच्या कोपऱ्यात असायच्या, वर आकडा होता म्हणून कधी घोळ झाला नाही. आकडा मी रंगवला. पूजेसाठी. नटवायला.

तीन आठवडे पोरीनं एका बाजूला सव्वा किलो जास्त पेललं आणि शिव्या खाल्ल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच. वर त्याच हाताला जादा काम दिलं.

घरी आल्यावर तिला सांगितलं. हसली. मग डावं मनगट पुढं केलं. सुजलेलं. "कधीपासून?" "दहा-बारा दिवस." "बोलली का नाहीस गं?" "तुम्ही म्हणाला असता, आळस."

४ डिसेंबर
डॉक्टर: वाढतं हाड आहे, थोडक्यात निभावलं. सहा आठवडे डोक्यावर काही न्यायचं नाही. पाय, पाठ, बसणं-उठणं चालेल. काठी चालेल.

सहा आठवडे म्हणजे पोंगल, जानेवारीचा मध्य. निवड २७ला.

सरोजानं पोरीच्या मनगटाला पट्टी बांधली, माझं ताट वाढून ठेवलं आणि आत गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१७ डिसेंबर
अंबू रोज येते. काठीनं करते, दिवसाला साठ वेळा. मधेच थांबून रिकाम्या दांड्याकडं बघत राहते. मी वाण्याच्या दुकानात बरणीतल्या मिठाईकडं असा बघायचो.

आज विचारलं, "त्रिचीला जायचंच का?" "कार्ड माझ्या नावाचं आहे."

मनात येतं, एकदाच पट्टी घट्ट बांधून पंचेचाळीस... एकदाच. हे माझ्या मनात येतं, तिच्या नाही. तिनं डॉक्टरचं म्हणणं मुकाट्यानं पाळलंय. दगड उचलणारा अजून माझ्यातच बसलाय.

२७ डिसेंबर, त्रिची
पहाटेची बस. अठरा मुली. निवडायला मद्रासच्या बाई, आखूड केस, कडक. उडी मारून घेतली, बसवून पाहिलं, मग वजन. एका मुलीनं पंचावन्न नेलं. नेताना पाठीची कमान झाली होती, बाप टाळ्या वाजवत होता. मला तो बाप होता आलं असतं.

अंबूनं पट्टी दाखवली, काठी मागितली. बाईंनी तिच्याकडून आठ वेळा करून घेतलं. बाजूनं पाहिलं, मागनं पाहिलं. मग विचारलं, "आजवर सगळ्यात जास्त किती?"

पन्नास माझ्या जिभेवर होतं. अगदी टोकावर. पट्टी होतीच, कोण तपासणार? म्हणालो, "एक्केचाळीस किलो तीनशे चाळीस." बाईंनी मान वर केली. "इतकं नेमकं कोणी सांगत नाही. आणि मनगट?" म्हटलं, "माझी चूक." थोडक्यात सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, जेमतेम दीड ओळ. मला उलटं वाचता आलं नाही. पत्रानं कळवू म्हणाल्या.

बसमध्ये तंजावरच्या अलीकडं अंबू बोलली, "खरं सांगितलंत ते बरं केलंत." बरं वाटलं. मग म्हणाली, "पण अप्पा, त्यांनी मला विचारलं होतं."

१२ जानेवारी १९९६
पत्र नाही. अंबूशी पाण्याबद्दल, शाळेबद्दल बोलणं होतं. दांड्याबद्दल नाही. माझं चुकतं ते कळतं, थांबवता येत नाही: ती काठी घेऊन उभी राहिली की माझे ओठ आपोआप मोजायला लागतात.

२२ जानेवारी
पोंगल झाला. मनगट बरं. डॉक्टर म्हणाले, रिकाम्या दांड्यापासून पुन्हा, घाई नको. पोस्टमन दोनदा फाटकावरून पुढं गेला. अंबू बघत नसल्यासारखं करते, पण वेणी घालायला ओसरीतच बसते.

पत्र आलं तर ती जाईल. मग पहाटे पाचला कोणाला उठवायचं? नाही आलं तर... त्याहून वाईट. दोन्ही नको वाटतं आणि दोन्ही हवं.

२८ जानेवारी
पत्र नाही.

सहा आठवडे उलटून गेल्यावर आज पहिल्यांदा दांडा. मी वही काढली, तारीख घातली, "२०" लिहायला घेतलं. अंबू म्हणाली, "अप्पा, आज तुम्ही बाहेर बसा."

"का गं?"

"मारिमुत्तु अण्णा आहेत आत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बसलो नसतो. पायरीवर बसलो, वही मांडीवर. आत दांडा ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग खुंटीवरून चकती काढल्याचा आवाज. एक. थोड्या वेळानं दुसरी. लहान की मोठी, कळेना. तीस वर्षं हेच लोखंड ऐकतोय आणि कळेना. उठलो, कडीपर्यंत हात गेला. परत येऊन बसलो.

आतून एकदा तिचा श्वास ऐकू आला, मोठा, सोडलेला. मग दांडा खाली आला. आपटला नाही, ठेवला.

अर्ध्या तासानं बाहेर आली, घामेजलेली, कपाळाला खडूची पूड. मारिमुत्तु मागं उभा, माझी नजर चुकवत होता. सायकलवर मागं बसली. वाटेत इडलीच्या दुकानापाशी थांबा म्हणाली, सहा खाल्ल्या. वहीतला रकाना कोरा आहे. किती, हे तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.