राडेकची फिल्म कोण बघतं

लुब्लिन,
गुरुवार, २३ ऑक्टोबर

प्रिय आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? थंडी पडायला लागली, आता चर्चला पायी जाऊ नका, लुत्सीनाबाईंच्या गाडीतून जात जा. दोनदा फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत, म्हणून लिहिते आहे. मी बरी आहे. जेवते, झोपते, कामाला जाते. राडेकच्या कबरीसाठी शेवंतीच्या कुंड्या सांगून ठेवल्या आहेत, पांढऱ्या.

ऑफिसात सध्या एकच काम चालू आहे. मंत्रालयानं विचारलंय, इतकी वर्षं बस आणि ट्रॉलीबसवर संशोधन केलंत, त्यातून लोकांना काय मिळालं ते दाखवा. कुठला अहवाल कुणी वाचला, कुणी वापरला, कुणाचा वेळ वाचला, कुठला अपघात टळला. ज्याचा उपयोग दाखवता येणार नाही त्याच्यापुढे 'निरुपयोगी' असा शेरा, आणि जानेवारीपासून ते आमच्या वेबसाइटवरून काढून टाकायचं. शेरे मारायचं काम माझ्याकडे आलंय. दिवसभर डेपोंना फोन करत असते. परवा एका डेपोचे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या त्या जाडजूड अहवालावर आम्ही चहाची किटली ठेवतो. टेबलाला डाग पडत नाही. हा फायदा लिहा की." मी लिहून घेतलं. पूर्वी हसले असते.

यादीत राडेकचं संशोधनही आहे. ट्रॉलीबस सुटताना ड्रायव्हरनं पेडलवर पाय कसा बेतानं दाबायचा, म्हणजे उभी असलेली म्हातारी माणसं पडत नाहीत, ते. त्यासोबत त्यानं ड्रायव्हरांसाठी केलेली छोटी फिल्मही आहे. आमच्या सगळ्या संशोधनांत सर्वांत जास्त पाहिली गेलेली गोष्ट तीच निघाली. आमचे कुलिकसाहेब खूश झाले. "बोग्नाबाई, तुमच्या नवऱ्यानं जाता जाता आमची लाज राखली हो," म्हणाले, आणि राडेकचं नाव पहिल्या पानावर टाका म्हणाले.

मग कोण कुठून बघतं ते मी नियमाप्रमाणे तपासलं. आई, जवळजवळ सगळं बघणं क्राश्निकमधून झालं आहे. क्राश्निकमधल्या एका घरातून, रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर. तुमच्या गावात ट्रॉलीबस नाही.

तुम्हाला आठवत असेल, फिल्म वेबसाइटवर टाकली त्या रविवारी आपण तुमच्याकडे जेवायला होतो. राडेक सूप भुरकत म्हणाला, "कुणी ढुंकून बघत नाहीये. असंच राहिलं तर मला अडगळीत टाकतील. आई, निदान तू तरी बघत जा." तुम्ही म्हणालात, "मला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला, "कळू नको दे. आकडा वाढला म्हणजे झालं." आपण तिघंही हसलो होतो. तो गेला तरी तुम्ही त्याचा शब्द पाळताय, हे मला आत्ता कळलं.

कुलिकसाहेबांना मी सांगितलं. ते म्हणाले, "मग? आई काय नागरिक नाही? बघितलं ते बघितलं. कशाला उकरून काढता?"

मी म्हणाले, "त्या ड्रायव्हर नाहीत."

"तुम्ही बायको आहात ना त्याची? मग गप्प बसा की."

मी गप्प बसले, पण आकडा खोडला. राडेक असता तर त्यानंच खोडला असता. तो कसा होता ते तुम्हाला माहीत आहे, दुकानात वजनात चुकून जास्त आलेलं सफरचंदसुद्धा परत करायला जायचा.

खोडण्याआधी मी इथल्या डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवणाऱ्या गोंताशना फोन केला होता. फिल्म बघता का विचारलं. "कसली फिल्म?" म्हणाले. मग राडेकचं नाव घेतलं, तेव्हा आवाज बदलला. "तो? तो आमच्या पाठीमागे उभा राहायचा हो, कशालाही न धरता. म्हणायचा, मी पडलो तर तुम्ही चुकलात. पहिल्या आठवड्यात दहादा आपटला असेल. आता पोरांना मीही तसंच शिकवतो, फक्त मी दांडा धरतो." पोरांना माहीत आहे का हे कुणाचं संशोधन, असं विचारलं तर म्हणाले, "नाही. त्यांना वाटतं माझंच."

हे मी रकान्यात लिहिलं. साहेब म्हणाले, वाक्यांची बेरीज होत नाही, आकडा असेल तर द्या. डेपोत कोण पडलं याची नोंद असते, कोण पडलं नाही याची नसते. त्यामुळे राडेकच्या नावापुढे तो 'निरुपयोगी' शेरा लागला आहे. माझ्या हातानं लागला आहे. फिल्मखालचा आकडा बघून तुम्ही चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंत की माझा मुलगा देशात पहिला आहे, असं लुत्सीनाबाई म्हणाल्या. म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते आहे. तुम्हाला राग येईल. येऊ दे.

मार्चमध्ये, त्याला पुरलं त्या दिवशी, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिच्या डोळ्याला टिपूस नाही." खरं होतं ते. अजूनही नाही. मी क्राश्निकला येत नाही ते कामामुळे नाही, त्यामुळे. मला काहीच वाटत नाही, आई. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं आहे. हे तुम्हाला कसं सांगायचं हेच कळत नव्हतं.

शेरा मारण्याआधी फाइल उघडून बघावीच लागते. मी त्याची फिल्म बघितली, आवाज बंद करून. तो ट्रॉलीबसमध्ये उभा राहून बोलत होता, निळा स्वेटर घालून. शेवटपर्यंत बघितली. आवाज लावायची हिंमत झाली नाही.

फिल्मची प्रत मी काढून घेतली आहे. पुढच्या शनिवारी, सर्व संतांच्या दिवशी, कबरीवरून तुमच्याबरोबर घरी येईन. आपण ती लावू, आवाजासकट. मी रडले नाही तर काही बोलू नका. रडले तरी बोलू नका. नुसत्या शेजारी बसा.

नको असेन, तर तसं कळवा.

अजूनही तुमची सून,
बोग्ना