बाबांना पाण्यात उतरवा

नांदेड, २२ जून २०२५

ती. लताताईस,
सा. न. वि. वि.

तू व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक केलंस, म्हणून हातानं लिहायलोय. उर्वीच्या पोहण्याचे आलेख रोज आले की वैताग येतो, हे मान्य. पण सख्ख्या भावाला?

पोरीला तेरावं वर्ष संपलं आणि तिचं टायमिंग जागेवर थांबलं. वर्षभर शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकला कणभर सुधारणा नाही. मागच्या महिन्यात उलट दोन सेकंद जास्तच लागले. मी काय कमी केलं? बदाम भिजवले, दुधात खारीक घातली, नवा कॉस्च्यूम आणला. काठावरून ओरडून आवाज बसला, तर परवा नववीला भूमिती मुक्यानंच शिकवली. तिचे कोच आदिनाथ सर म्हणतात, उंची वाढायलीय, अंग बदलायलंय, तोल नव्यानं बसेल, धीर धरा. ताई, सप्टेंबरात लातूरला विभागीय स्पर्धा आहे, धीर कुठून धरू? तुझी भावजय वैष्णवी म्हणते, पोरीला बेजार करू नका. घरात माझ्या बाजूनं कोणीच नाही. तू तरी उर्वीला चार शब्द सांग.

लोभ आहेच; तो फोनवरही दिसू दे.

तुझा,
मुकुल

नांदेड, २९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबांनी तुला लिहिलं म्हणे, तर माझंही ऐक.

आत्या, माझे हातपाय माझे राहिले नाहीत. एवढी लांब झालेय की वळताना भिंत कधी फार जवळ येते, कधी सापडतच नाही. परवा डोकं आपटलं. लाथ मारायला गेले की कंबर मागेच राहते. पाळीच्या आधी तर पाणी पिठल्यासारखं लागतं. हे सरांना सांगता येतं, आईला सांगता येतं. बाबांना सांगायला गेलं की ते आणखी बदाम आणतात.

पाण्याचा तसा त्रास नाही. पण डोकं वर काढलं की आधी बाबांचा चेहरा दिसतो, आणि त्यावरून मला कळतं मी कशी पोहले. लातूरची स्पर्धा झाली की सोडून द्यावं म्हणते. हे त्यांना सांगितलंस तरी चालेल. मला सांगवेना गेलंय.

माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
उर्वी

लातूर, ५ जुलै

चि. मुकुलास,
अनेक आशीर्वाद.

ब्लॉक काढणार नाही. पत्रात तू निदान श्वास घ्यायला थांबतोस.

आधी खाली बैस. उर्वी स्पर्धेनंतर पोहणं सोडायचं म्हणतेय. तुला सांगायची मुभा तिनंच दिलीय. टायमिंगपायी नाही, काठावरच्या तुझ्या चेहऱ्यापायी.

तिला सांगायचे चार शब्द तुलाच सांगते. नववीच्या उन्हाळ्यात तू एकदम उंच झालास आणि घरातल्या प्रत्येक चौकटीवर कपाळ आपटलंस. तेव्हा तुला कुणी स्टॉपवॉच लावून चालायला लावलं नाही. पोरींचं तर कंबर, छाती, पोट, मन सगळं एकदमच बदलतं. तिची तिच्या अंगाशी नव्यानं ओळख होऊ दे. मागे पडली तर पडू दे.

आणि एक हुकूम. तुला पोहता येत नाही. औशाला मामांच्या विहिरीत दोर बांधून सोडलं तर तू त्याच दोरावरून वर चढून आलास. उद्याच मोठ्यांच्या शिकाऊ बॅचला नाव घाल. काठावर उभं राहायचं बंद, पाण्यात उभा राहा.

आशीर्वाद देऊन ठेवलेत. पाण्यात उतरला नाहीस तर परत घेईन.

तुझी,
ताई

नांदेड, १० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. उर्वीशी बोलायला गेलो. शेवटी एवढंच विचारलं, मला पोहायला शिकवशील का. ती इतकी हसली की वैष्णवी स्वयंपाकघरातून धावत आली.

महिना झाला, मी अजून तरंगत नाही. पाणी कमरेएवढं, तरी बुडतो. माझ्याच शाळेतली पोरं शेजारून सूर मारतात आणि वर येऊन गुड मॉर्निंग सर म्हणतात. उर्वी सांगते, बाबा, मान सोडा. सोडली की नाकात पाणी. परवा चिडून म्हणालो, रोज एवढं करूनही काहीच कसं सुधरेना गेलंय? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ताई, मला लई लाज वाटली. मग तीच म्हणाली, होईल बाबा, उद्या परत येऊ.

मला शिकवायचं म्हणून ती लाथ अगदी हळू मारून दाखवते. सर म्हणतात, त्यानं तिचीच कंबर जागेवर यायलीय. टायमिंग मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पाणी गेलं.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ, सध्या ओला,
मुकुल

नांदेड, १७ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

पाचवी आले ते तू बघितलंसच. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्यापेक्षा मागेच, पण या वर्षातलं सगळ्यात बरं. शेवटच्या पन्नास मीटरला पाय माझे वाटले. तू उभी राहून शिट्टी मारलीस, तेही अख्ख्या लातूरनं बघितलं.

तुझ्याकडून निघाल्यावर काय झालं ते सांगायला लिहायलेय. चाकूर गेलं तरी बाबांनी स्पर्धेचा विषय काढला नाही. आई मला खुणावायली, आता सुरू होईल. अहमदपूरच्या पुढे बाबांनी विचारलं, पाणी थंड होतं का. मी म्हणाले, लई. मग त्यांनी विचारलं, उडी मारायच्या आधी छातीत धडधडतं का गं तुझ्या. मी म्हणाले, दर वेळी. ते म्हणाले, मला वाटायचं तुला काहीच वाटत नसेल.

मग मी जी बोलत सुटले! पाळीचं, भिंतीचं, भीतीचं. लोहा आलं तरी संपेना. बाबांनी एकही उपाय सुचवला नाही. ओठावर आलेले गिळताना दोनदा गाडी खड्ड्यात घातली, तेवढंच.

सोडायचं म्हणाले होते, ते राहू दे. सकाळी तलावावर जायचंय. बाबांना श्वास सोडायला शिकवायचंय. पाण्यात शिरले की ते तो धरूनच ठेवतात.

अशीच माझ्या बाजूनं राहा.

तुझी,
उर्वी