आईकडून इथला

रविवार, ९ एप्रिल, दुपार

बाबा,

नमस्कार. पत्राचा मायना कसा घालायचा हे शाळेत शिकवलं, तेव्हा मी बहुतेक खिडकीबाहेर बघत होतो. म्हणून नुसता नमस्कार गोड मानून घ्या. मी बरा आहे. आई बरी आहे. धाकटी तुमच्यासारखी नाकात बोलते आणि माझ्यासारखा अभ्यास करते, म्हणजे करत नाही. तुमचं पत्र मिळालं. यंदा तरी आपला नंबर लागेल, आणि आईला तुम्हाला इकडे बोलावून घेता येईल, असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल पुढे लिहितो.

सध्या माझा मुक्काम घरीच आहे. ऐकून खुर्चीवरून पडू नका. टाक्या रंगवायचं काम सुटलेलं नाही, मुकादम म्हणाला महिनाभर थांब, मग ये. बाबा, पाण्याच्या उंच टाकीवर दोराला लटकलं की खालचं गाव कसं दिसतं सांगू? नुसते वाळत घातलेले कपडे. कुणाकडे तान्हं मूल आहे, कुणाकडे रात्रपाळीचा माणूस आहे, सगळं दोरीवरून कळतं. हे मुकादमाला सांगितलं, तर म्हणतो, "तू रंग मार. जनगणना सरकार करेल."

तर सरकार. फेब्रुवारीत आम्ही नदीकाठच्या एका गावात होतो. सुट्टीच्या दिवशी बाकीचे झोपले आणि मी पूल बघायला गेलो. जुना लोखंडी पूल, पत्रे जोडणारी रिबिटं हाताच्या मुठीएवढी. पलीकडे दुसरा देश लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुलावरच्या शिपायानं कागद मागितले. माझ्याकडे शाळेचा दाखला होता, तो दिला. त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"हा शाळेचा झाला. देशाचा कुठाय?"

मला ठेवून घेतलं. तुरुंग म्हणायचं नाही, बाबा, बाहेर पाटीवर 'प्रतीक्षा केंद्र' असं लिहिलं होतं. भेटीच्या खोलीत टेबल जमिनीला ठोकलेलं. खिडकीच्या काचा पांढऱ्या रंगानं बंद केलेल्या, त्याही एकाच हातात, खाली प्रायमर नाही, जागोजाग पोपडे. मी तिथल्या साहेबाला म्हटलं, डबा आणि ब्रश द्या, नीट करून देतो. तो हसला नाही. तिथे कुणीच हसायचं नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्याचीच.

त्यांनी आधी तुमच्या देशाला विचारलं. उत्तर आलं, बाहेर जन्मलेलं मूल वर्षाच्या आत नोंदवलं असेल तरच ते आमचं. मला नोंदवलेलं नव्हतं. कशाला नोंदवाल? तुम्हाला वाटलं होतं, कारखाना चालू आहे, परवाना आहे, आपण इथेच म्हातारे होणार. कारखाना बंद पडून तुम्हाला परत पाठवतील, हे कुणाला ठाऊक होतं? म्हणजे मी तिकडचा नाही, इकडचा नाही. आणि जोवर कुठलातरी होत नाही, तोवर आत.

आईनं वकीलबाई गाठल्या. ठेंगण्या, बोलायला फटकळ, पण मनानं चांगल्या. ठोकलेल्या टेबलाच्या एका बाजूला मी, दुसरीकडे आई, धाकटी आणि त्या. मी विचारलं, धाकटी इथली आणि मी नाही, हे कसं काय? आई तीच, बाप तोच, इस्पितळसुद्धा तेच.

"तुझ्या आजोबांच्या वेळी सोपं होतं," वकीलबाई म्हणाल्या. "इथे जन्मला तो इथला. मग वरच्या लोकांना वाटायला लागलं, मातीला काय अक्कल, रक्त बघा. रक्त म्हणजे बापाचं. बाप परका, तर पोर परकं, आई इथली असली तरी. तू त्या काळातला. पुढे त्यांना सुचलं की आईच्या अंगातही रक्त असतं. कायदा बदलला, पण त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी. ही त्यानंतरची."

"म्हणजे दादा, तू पाहुणा," धाकटी म्हणाली. "घरी आलास की तुझं ताट तूच विसळायचं." आईनं तिला कोपर मारलं. मग आम्ही तिघंही हसलो, आणि हसताना धाकटी रडायला लागली.

थांबतो जरा. गॅसची टाकी संपलीय, हाका मारतायत.

संध्याकाळ

टाकी बदलली. बाबा, खाली दोन माणसं अरुंद जिन्यावरून कपाट उतरवत होती, ते बघत उभा राहिलो. वळणावर अडकलं. एक म्हणे उचल, दुसरा म्हणे तिरकं कर, आणि घरमालकीण वरून दोघांच्या आईबापांचा उद्धार करतेय. शेवटी कपाट उतरलं. आता पुढचं लिहिणं टाळायला मला काही निमित्त उरलं नाही.

त्या जुन्या कायद्यात एक फट होती. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आईला विचारलं, "ताई, तुमच्या लग्नाचा सरकारी कागद आहे?"

"नाही. घरच्या अंगणात झालं. चार माणसं होती. पण..."

"पण नको. नाही, एवढंच पुरे."

बाबा, त्या काळी लग्न न झालेल्या बाईचं मूल आईकडून इथलं व्हायचं. बापच नाही म्हटल्यावर ते ढकलणार कुणाकडे? फक्त तेवढ्याच बायकांचं रक्त चालायचं. आईनं कोर्टात सांगायचं होतं की लग्न झालंच नव्हतं. की मला बाप नाही.

आई बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरीची दुमड बघते तशी. मग म्हणाली, "आणि ह्यांचा अर्ज?"

"तो बायको म्हणून केलाय ना तुम्ही? दोन्ही नाही व्हायचं."

"पोराला आत किती दिवस ठेवतील?"

"कुणीच घेत नाही म्हटल्यावर काय सांगू? एक जण इथे राहून टकला झालाय."

मी म्हटलं, आई, नको. राहीन मी इथे, खिडक्या रंगवीन. ती म्हणाली, "तू गप्प बस. तू एका जागी कधी अर्धा दिवस राहिलायस?"

कोर्टातल्या साहेबांना सर्दी झाली होती. दर वाक्याला रुमाल. त्यांनी आईला त्या माणसाचं नाव विचारलं. आईनं तुमचं नाव घेतलं. बाबा, मी ते तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, नेहमी 'हे' आणि 'अहो'. तिचा आवाज बारीक झाला, साहेब म्हणाले मोठ्यानं बोला, तर तिनं पुन्हा घेतलं.

"त्याच्याशी तुमचं लग्न झालं होतं?"

"नाही."

"मग इतकी वर्षं त्याची बायको म्हणून शपथेवर खोटं लिहून देत होतात?"

"हो, साहेब."

"लाज नाही वाटली?"

"वाटते, साहेब."

आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली असेल, तेही आपण खोटारड्या आहोत म्हणून. त्यांनी ते लगेच मानलं. खरं होतं तेव्हा किती वर्षं मानायला तयार नव्हते.

बाहेर आल्यावर मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "चल, अर्ध्याच दिवसाची सुट्टी घेतलीय." आणि सरळ कामावर गेली. तिथे आता बाकीच्या बायका तिच्याशी जपून बोलतात, ते तिला सगळ्यात जास्त लागतं.

तर बाबा, मी सुटलो. मी इथला झालो. तुमचा अर्ज त्याच दिवशी मागे घेतला गेला. तुम्हाला सरकारचं कळवणं येईलच, त्याआधी माझं पोचावं म्हणून धावतपळत लिहितोय. आईला तिकडे यायचं, तर तेही बायको म्हणूनच येता येतं, म्हणजे तो रस्ताही बंद. आणि मी? माझ्या नव्या दाखल्यावर बापाच्या जागी आडवी रेघ आहे. रेघेला बोलावून घेता येतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

आईला म्हटलं, चार ओळी तू लिही. म्हणाली, "मायना काय घालू?" मग मला सांगत बसली. लिही, प्रकृतीला जपा. लिही, पहाटे गार वाऱ्यात बाहेर पडू नका. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आणि लिही, माझी वाट बघत राहू नका. तिकडे कुणी चांगलं माणूस भेटलं, तर संकोच करू नका. मी हरकत घ्यायला आता कोण?"

"हे लिहू?"

"लिही म्हटलं ना."

लिहिलं. ती मनापासून बोलतेय की कोर्टात बोलली तसं, ते तुम्हीच ओळखा. तुम्ही तिला माझ्याहून जास्त ओळखता.

आता शेवटचं. वकीलबाईंनी बजावलंय की निकाल पुन्हा उघडता येतो, आणि आपल्यासारख्यांचं टपाल वाचतात. म्हणून हे पत्र तिकडे येणाऱ्या एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या हाती देतोय. त्याला चहा पाजा, आणि वाचून झालं की हे चुलीत घाला. तुमचं उत्तर टपालानं येऊ द्या. पण पाकिटावर आईच्या नावामागे सौ. लिहू नका. आत मला चिरंजीव म्हणू नका. हवापाण्याचं लिहा, खोकल्याचं लिहा. मीही तसंच लिहीन, वर महाशय आणि खाली आपला विश्वासू. वाचून हसा, रागावू नका.

त्या सगळ्या पत्रांत जे म्हणता येणार नाही, ते आजच म्हणून घेतो. बाबा.

तुमचा मुलगा