ठकीच्या लकबी

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी मोठी आणि नळाला पाणी जोरात. पलंग एका पायाने लंगडतो, त्याखाली पुठ्ठा सारला आणि विषय संपवला. ऑफिस चालत सात मिनिटांवर. तिथे सहा टेबलं, सहा खुर्च्या आणि माणूस एकच, म्हणजे अस्मादिक. बाकीचे आपापल्या घरून काम करतात. साहेब स्क्रीनवर भेटतात, तेही छातीपर्यंतच. खाली वॉचमनकाकांनी हात केला, मीही केला. चला, नव्या गावात एक ओळख तर झाली.

काम मात्र झकास आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी सोबतीचं ॲप. त्यात रेघांनी काढलेली एक मुलगी असते, तिला सगळे ठकी म्हणतात. कपाळावर बोट ठेवलं की तिने डोळे मिटायचे, फोन कलता केला की मान कलती करायची. हलणारी ठकी काढते आमची चित्रकार, दुसऱ्या गावी बसून. तिला ॲपमध्ये बसवून दोन्ही जातींच्या फोनवर सारखीच चालवायची, हे माझं काम. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एवढं शिकलीस आणि शेवटी बाहुलीच खेळवतेस ना!

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठकीचा सगळा संसार चौकटी आणि बाणांचा. एक चौकट ‘स्वस्थ’, एक ‘हसली’, एक ‘ऐकतेय’. बोट लागलं की बाणावरून ह्या चौकटीतून त्या चौकटीत जायचं. फोटो नाही, नुसत्या रेघा आणि बिंदू, त्यामुळे कितीही मोठी केली तरी धूसर होत नाही आणि फाइल एवढीशी.

पण बाई अजून ठोकळाच आहे. चित्रकार म्हणाली, खऱ्या माणसाचं बघून काढल्याशिवाय जीव यायचा नाही, कुणाचे तरी व्हिडिओ पाठव. कुणाचे पाठवू, माझं कपाळ? इथे आहे कोण? शेवटी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि स्वतःचेच काढले. हसण्याआधी मी डावीकडे बघते. ऐकताना एकच भुवई उचलते. हात करताना बोटं दोनदा मिटते. आपल्याला इतक्या लकबी आहेत हे मलाच माहीत नव्हतं. नऊ निवडून पाठवल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठकी काय गोड झालीय! बघणाऱ्याच्या मागे तिची नजर फिरावी म्हणून मी पुढचा कॅमेराही जोडून दिला. आता चाचणीचा फोन शेजारच्या टेबलावर उभा करून ठेवते. मी उठले की ती बघते, बसले की बघते. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याकडे बघणारं दुसरं कुणी नाही. बरं वाटतं.

चाचणी करणाऱ्यांत आईचंही नाव घातलं. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. रोज दुपारी एकला ती फोन करते, आज पावणेएकलाच केला. अगं, ही तर तूच, म्हणून नुसती ओरडत होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वॉचमनकाकांनी थांबवलं. ताई, रागावलात का, म्हणाले. तीन दिवस मी हात करतोय आणि तुम्ही नुसत्या बघत पुढे जाताय. मी म्हटलं, अहो काका, केला की! त्यांनी मान हलवली.

घरी आरशासमोर करून पाहिलं. हात वर जातो, फळीसारखा उभा राहतो. बोटं मिटत नाहीत. मिटायची कशी, तेच आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, तोंड का पाडलंयस? मी हसत होते. चांगली खळखळून हसत होते. ती म्हणाली, कुठे हसतेयस?

पाठवलेली यादी काढली आणि आरशासमोर एकेक करून पाहिली. नऊच्या नऊ गेल्या.

चित्रकाराला फोन लावला. ती म्हणाली, माझ्या तर चारच काढून झाल्यात, बाकीच्या तूच घातल्यास ना? मी कशाला घालू? मला सरळ रेघ येत नाही. फाइल उघडली. नऊ चौकटी, नऊच्या नऊ भरलेल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सगळ्या पुसून टाकल्या आणि कोरी ठकी सगळ्यांच्या फोनवर पाठवली. आरशात पाहिलं. माझं मला काही परत मिळालं नाही.

दुपारी एकला आईचा फोन. रडत होती. ठकी दगडासारखी बघतेय, म्हणाली. सकाळपासून ताटाला हात लावला नाहीये. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, तू तर हल्ली हसतही नाहीस गं, निदान ती हसत होती.

काय करणार होते मी? जुनी फाइल परत चढवली. आई जेवली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

चढवताना मोजल्या. चौकटी बारा. तीन मी कधी चित्रितच केल्या नव्हत्या. केस कानामागे सारणं, पेनाचं टोपण चावणं, मान मोडणं. शेजारच्या टेबलावरून बघूनच—

चाचणीचा फोन पालथा घातला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक वाजला. दीड वाजला. आईचा फोन नाही.

मी लावला. ती म्हणाली, आत्ताच तर लेकीशी तासभर बोलले. आपण कोण?

ठकी बोलत नाही. तिला आवाजच नाही. म्हणजे आईच बोलते आणि ती ऐकते, भुवई उचलून.

व्हिडिओ सुरू केला. आई, मी. नीट बघ ना. तिने चष्मा पुसला, खूप वेळ बघितलं. मग अदबीने म्हणाली, तुम्ही माझ्या मुलीच्या ऑफिसातल्या का?

२३ फेब्रुवारी, रविवार

बसमध्ये. शेजारची बाई जागा बदलून पुढे गेली.

एकच उरलंय. रडू येण्याआधी माझी हनुवटी थरथरते. तान्ही होते तेव्हापासून. आई म्हणते, पाळणाघरात दहा पोरं असली तरी हनुवटीवरून मी तुला ओळखायचे. ते कुठल्याच फोनने पाहिलेलं नाही. नशीब, त्या दिवशी बाथरूममध्ये गेले.

समोर जाऊन उभी राहीन. ती ओळखेल. आईच आहे ती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचे दहा. आईच्या जिन्यात बसलेय.

दार साखळीपुरतं उघडलं. कोण हवंय, विचारलं. तिच्या मागे डब्याला टेकवलेला फोन. ठकीने डावीकडे पाहिलं. मग हसली. आई वळून तिला म्हणाली, आले हं राणी. आणि दार लावलं.

रडू येतंय. हनुवटी—

ओळखलं! ओळखलं तिने! दार पुन्हा उघडलं होतं, हाकलायला आली होती, आणि तिने माझी हनुवटी बघितली. बोटांत धरली. चिमणे, म्हणाली. चिमणे, अगं कधी आलीस, अशी का बसलीस इथे! माझं डोकं पोटाशी धरलं. माझी आई. मी लिहितेय आणि कागद भिजतोय.

आत गेलीय. थांब म्हणाली, रडणं थांबवू नकोस, एक गंमत. तुझ्या बहिणीला दाखवते.

कोण बहीण—

फोन. फोन आणायला गेलीय.

हनुवटी दाबून धरलीय, थांबत नाही. डावा हात पुरत नाही. पावलं. आई, नको, तो माझ्याकडे करू नकोस, आई, आधी तो उलटा धर, आधी