काजलचा चुडा

नंदुरबार,
दि. १२ जून

प्रिय प्रमिला हिस,
सालेहाचा सलाम आणि स. न. वि. वि.

काजलच्या लग्नाची पत्रिका मिळाली. कोपऱ्यावर तू लावलेलं हळदीचं बोट माझ्या ओढणीला लागलं, ते मी अजून धुतलेलं नाही. तुझी लेक लग्नाची झाली! आपण दोघी शाळेत एका बाकावर बसून एकमेकींच्या वेण्या ओढत होतो, हे तिला सांगू नकोस. तीस तारखेचं लग्न म्हणजे एकोणतीसला सकाळी हिरवा चुडा. तुझा चुडा माझ्या अम्मीने भरला होता, तुझ्या नणंदांचे मी भरले, आता काजलचा. तिच्या मनगटाचं माप कळव.

आमचा तौफिक हसतो. म्हणतो, अम्मी, पोस्टाची लाल पेटी सरकारने तुमच्या दोघींसाठीच ठेवली आहे. मी त्याला म्हटलं, फोनवरचं बोलणं चार जणांना पुढे पाठवता येतं, पत्र कोणी पुढे पाठवत नाही.

निवडणुकीच्या निकालाचं तुला वेगळं काय सांगू? त्या दिवशी मिरवणूक आमच्या गल्लीत आली आणि डीजे नेमका आमच्या दुकानासमोर सव्वा तास उभा राहिला. गुलाल बांगड्यांवर इतका बसला की हिरव्या गुलाबी दिसायला लागल्या. तौफिकचे अब्बा आत जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. समोरचे किराणावाले सुकलालभाऊ मात्र दुसऱ्या दिवशी ओला फडका घेऊन बांगड्या पुसायला आले. त्यांचं मत कुठे गेलं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यांच्यावर चिडावं की त्यांना चहा द्यावा, कळेना. चहा दिला.

पण मंत्र्यांची यादी ऐकली आणि माझं डोकंच फिरलं. एप्रिलात शहाद्याच्या सभेत ज्याने सांगितलं होतं की आपल्या लेकीबाळींचे हात 'त्यांच्या' हातात देऊ नका, बांगड्या आपल्याच माणसाकडून घ्या, त्याला मंत्री केलंय. खातं कोणतं, तर महिलांच्या कल्याणाचं! तेव्हापासून तीन गावांतून मला निरोप आलेत की यंदा येऊ नका. तौफिक म्हणतो, खेडी सोड, दुकानात बस. मी म्हटलं, तीस वर्षं पेटी उचलून फिरलेय, एका माणसाच्या भाषणाने बसणार नाही.

गिरधरभाऊंना सलाम, काजलला पापा. लोभ आहेच, तो या हवेतही टिकू दे.

तुझीच,
सालेहा


ब्राह्मणपुरी,
दि. १७ जून

प्रिय सालेहास,
प्रमिलाचा स. न. वि. वि.

काजलच्या मापाचा दोरा सोबत पाठवते. तिचे हात माझ्यासारखे नाहीत, मऊ आहेत, तुला त्रास होणार नाही.

आमच्या गावात निकालापासून एकच उद्योग चालू आहे. आमच्या केंद्रावर एकाहत्तर मतं उलटी पडली, ती कोणाची हे शोधायचं. आमचे हे ओट्यावर बसून बोटांवर मोजतात. वाडीतली इतकी, शाळेतल्या मास्तरांची इतकी, असं करत सत्तरपर्यंत येतात आणि अडतात. एकाहत्तरावी बाई त्यांना रोज भाकरी वाढते, हे त्यांना अजून सुचलेलं नाही. हसू नकोस, आणि हे पत्र जपून ठेव.

आता जे लिहायचं ते हाताला जड जातंय. यांनी त्या मंत्र्याला लग्नाचं आमंत्रण दिलंय. शहाद्याला त्याचा सत्कार आहे, जाताना एकोणतीसला अकराच्या सुमारास आमच्या वेशीत थांबणार. पाच सुवासिनींनी औक्षण करायचं, त्यात पहिलं ताट माझं. आमच्या पोराने, कुंदनने, स्वतःचा फोटो टाकून मोठा फलक लावलाय. गाव नुसतं फुगलंय.

म्हणून म्हणते, तू अठ्ठावीसलाच ये, दिवस कलल्यावर. कुंदन तुला मोटारसायकलवर शेताच्या बाजूने आणील, म्हणजे गावातून जायला नको. मागच्या दाराने गोठ्याशेजारच्या खोलीत ये, तिथे काजलचा चुडा भर. नाहीतर मीच तिला घेऊन नंदुरबारला येते. त्या गर्दीत तुला कोणी वेडंवाकडं बोललं तर मला सहन होणार नाही, सालेहा. राग मानू नकोस.

तौफिकला आशीर्वाद. माया कमी करू नकोस, ही विनवणी.

तुझी,
प्रमिला


नंदुरबार,
दि. २० जून

प्रिय प्रमिला,
सलाम, वि. वि.

दोरा मिळाला. ईद शांततेत झाली. घरी सगळे खुशाल.

तू राग मानू नकोस लिहिलंस. मी मानला. पत्र वाचताना चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी जागची हलले नाही. तो माणूस मला ओळखत नाही, त्याने काहीही बोलावं. पण मागचं दार मला तू दाखवलंस! माझी अम्मी तुझ्या सासरी पहिल्यांदा आली तेव्हा तुझ्या सासूबाईंनी तिला ओट्यावर पाट दिला होता. आणि तिच्या मुलीला तू गोठ्याकडून बोलावतेस. मी काही चोरीचा माल आणत नाही, बांगड्या आणते.

तुला माझी काळजी आहे, हे मला कळतं. पण तुझ्या काळजीत आणि त्याच्या भाषणात निघतं एकच, की सालेहाने दिसू नये. तू रडत सांगतेस आणि तो ओरडून सांगतो, एवढाच फरक. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाहीये.

काजलचा चुडा मी ओट्यावर भरीन, उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. ते जमत नसेल तर दुसरी कोणी बघ. लग्नाला माझे आशीर्वाद आहेत, ते पोस्टानेही पोचतील.

लोभाचं यावेळी तूच ठरव.

सालेहा


ब्राह्मणपुरी,
दि. २४ जून

प्रिय सालेहा,
प्रमिलाचा नमस्कार. वि. वि. काही नाही, फक्त चूक झाली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुझाच राग आला, तिसऱ्यांदा स्वतःचा. मग जेवताना यांना सांगून टाकलं की सालेहा एकोणतीसलाच येणार, सकाळी, पुढच्या दाराने. ताट बाजूला सारून हे खेकसले की मंत्री येई ऱ्हायना नि तुले चुडानी पडेल शे! मी म्हटलं, मले मन्ही पोरनी पडेल शे. इतक्या वर्षांत मी यांना असं उलटून बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कुंदन शहाद्याहून तयार चुडा घेऊन आला, डब्यात बंद, वर चकचकीत कागद. काजलने डबा उघडलासुद्धा नाही. तिने भावाला शांतपणे सांगितलं की सालेहामावशी आली नाही तर मी मोकळ्या हातांनी मांडवात उभी राहीन आणि कोणी विचारलं तर कारणही सांगीन. मुलगी एवढी खमकी निघेल असं वाटलं नव्हतं. तुझ्यावर गेलीय.

भीती मला अजूनही वाटते, खोटं कशाला सांगू? पण मी गावात चार घरी जाऊन बोलले. औक्षणाच्या पाच जणींतली दगूबाई म्हणाली की औक्षणाला काय रिकाम्या हातांनी जायचं, मीही भरून घेईन. मग दुसऱ्या, तिसऱ्या. तेव्हा पेटी मोठी आण. शहाद्याहून नऊच्या गाडीने ये. मी थांब्यावर उभी असेन, आणि गावातून आपण दोघी पायी येऊ, मधल्या रस्त्याने.

लोभ तूच माझ्यावर सोपवलास, तर तो मी आता सोडत नाही.

तुझी,
प्रमिला


ब्राह्मणपुरी,
दि. ४ जुलै

सालेहाबहेन यांस,
गिरधरचा स. न. वि. वि.

साखर कारखान्याला अर्ज करण्यापलीकडे मी कधी पत्र लिहिलेलं नाही, चूकभूल समजून घ्या. लग्न नीट पार पडलं. काजल सासरी गेली, घर खायला उठतं. लिहायचं ते चुड्याच्या दिवसाबद्दल. तुम्ही ओट्यावर होतात, मी वेशीत होतो. माझ्याकडे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही.

सव्वाअकराला गाड्या आल्या. मी, कुंदन, हार, फलक, सगळं जागेवर. बायका एकही नाही. कुंदनला घरी पाठवलं. तो परत येऊन म्हणाला की आईचा एक हात भरून झालाय, दुसरा बाकी आहे, ती उठत नाही. एकच हात भरलेली बाई मध्येच उठत नाही, अपशकुन होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मन्ही माय याच कारणाने बाबांना उपाशी ठेवायची. म्हटलं, दुसरी कोणी पाठव. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. दगूबाईचा एक हात बाकी. पाचही जणींचा एकेक हात बाकी, आणि त्यांच्या मागे बसलेल्या अकरा बायकांचाही!

मग मीच धावत आलो. तुम्ही प्रमिलाचा उजवा पंजा हातात घेऊन दाबत होतात, जशी काही दुनियेत दुसरी घाई नाही. मला म्हणालात, बसा भाऊ, राबणारे हात आहेत, वेळ लागतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मणियारीण एका बाईचे दोन्ही हात भरते, मग दुसरी घेते. तुम्ही सगळ्यांचे डावे हात आधी भरून ठेवले होते. ही अक्कल कोणाची, ते प्रमिला अजून सांगत नाही. एकाहत्तरावं मत कोणाचं ते मात्र सांगितलं. त्या दिवशी मला असे दोन धक्के बसले.

मी परत वेशीत गेलो. गाडीची काच खाली होती. साहेबांच्या माणसाने विचारलं की या गावात बायका नाहीत का. मी म्हटलं, आहेत, बांगड्या भरायला बसल्यात. मग साहेबांनी स्वतः विचारलं की कोण भरतंय. शप्पथ सांगतो, जिभेवर दुसरं नाव आलं होतं. पण मागे ओट्यावर काजल बसलेली होती. मी सांगितलं, नंदुरबारच्या सालेहाबहेन, यांच्या आईने माझ्या बायकोचा चुडा भरला आणि या माझ्या लेकीचा भरताहेत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, काच वर गेली, गाड्या निघाल्या. हार माझ्याच हातात राहिला. संध्याकाळी पक्षाच्या ग्रुपमधून माझं नाव काढलं. तिसऱ्या दिवशी कुंदनने तो फलक स्वतःच उतरवून गोठ्यावर ताडपत्रीसारखा टाकला.

मत मी दिलं ते दिलं, त्याबद्दल रडत बसणार नाही. पण एक सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. एप्रिलातल्या त्या सभेत मी पुढच्या रांगेत होतो. त्या वाक्याला मीही टाळी वाजवली. त्याने तुमचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून ते तुमच्याबद्दल आहे असं मला वाटलंच नाही. आता मला त्या टाळीची लाज वाटते.

यापुढे आमच्या गावात तुम्हाला बिनधास्त येऊ देऊ. कोणी अडवणार नाही, हा गिरधरचा शब्द.

तौफिकच्या अब्बांना, सलाउद्दीनभाईंना, रामराम. लोभ ठेवावा, मी तो मागायला लायक असेन तर.

आपला,
गिरधर


नंदुरबार,
दि. ९ जुलै

गिरधरभाऊ यांस,
सालेहाचा सलाम, वि. वि.

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तौफिकचे अब्बा हार हातात राहिल्याच्या ठिकाणी इतके हसले की ठसका लागला. निकालानंतर ते पहिल्यांदा हसले, भाऊ. त्याबद्दल तुमचे उपकार. डाव्या हातांची अक्कल तुमच्या लेकीची, पण तिने मला शपथ घातली होती आणि ती आता सासरी पोचली आहे, म्हणून सांगते.

काच खाली असताना तुम्ही माझं नाव घेतलंत. दुसरं घेणं सोपं होतं, तुम्हाला त्याचा भुर्दंडही पडला, हे मी विसरणार नाही. टाळीचंही विसरणार नाही. तुम्ही पुढच्या रांगेत होतात हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. लाज वाटते म्हणालात, ती वाटू द्या. मी इथून पुसून टाकली तर तुम्हालाच फसवल्यासारखं होईल.

आणि तुमच्या शब्दाबद्दल. तुम्ही प्रेमाने लिहिलंत, पण 'येऊ देऊ' हे मला घशाखाली उतरत नाही. तुम्ही येऊ दिलंत म्हणून मी येत नव्हते. मी या जिल्ह्यात जन्मले, इथेच मत देते, बायकांना बांगड्या भरायच्या असतात म्हणून जाते. उद्या तुमचं मन फिरलं तर काय मी यायचं बंद करू? माझं येणं तुमच्या शब्दावर ठेवू नका, भाऊ, तो कितीही खरा असला तरी.

गेल्या आठवड्यात तुमच्या गावापासून चार कोसांवरच्या एका गावाने वेशीत पाटी लावली आहे की बाहेरच्या फेरीवाल्यांना बंदी. बाहेरचे म्हणजे कोण, ते पाटीवर लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना कळतं. त्या गावात माझी मैत्रीण नाही, कोणाचा ओटा नाही, शब्द देणारा कोणी नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने मी तिथे जाणार आहे. तौफिक काल भांडला. प्रमिला सोबत येते म्हणाली, तिला मी नको म्हटलंय. पाटीखाली पेटी उघडून बसेन आणि नेहमीसारखी हाळी देईन. एक बाई जरी हात पुढे करून बसली, तरी दोन्ही हात भरल्याशिवाय मीही उठणार नाही.

प्रमिलाला जपा. लोभ असू द्या, परवानगी नको.

आपली,
सालेहा